दिव्यांग प्रमाणपत्रात टक्के कमी आले तर?

‘डॉक्टर, बोर्डाने छत्तीसच टक्के दिले. आता संजय गांधीचा पगार मिळणार नाही का?’ हा प्रश्न दवाखान्यात मला वरचेवर ऐकायला मिळतो. चार टक्क्यांनी काय बिघडते, असे इतरांना वाटेल. पण संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी दिव्यांगत्व किमान ४० टक्के लागते. एस.टी.ची सवलतही याच आकड्यावर अडते. दिव्यांग लाभार्थ्यांचे मासिक अनुदान राज्य शासनाने २०२५ मध्ये १५०० वरून २५०० रुपये केले. कर्ता माणूस घरी बसलेल्या कुटुंबात एवढ्यात महिन्याचा किराणा येतो. म्हणून बोर्डाचा निर्णय पटला नाही तर काय करता येते, ते आज पाहू.

टक्के कसे ठरतात?

साताऱ्याचे क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालय असो वा सांगली-मिरजेची शासकीय रुग्णालये, मोजमापाचे नियम देशभर एकच आहेत. केंद्र सरकारने ते २०१८ मध्ये जाहीर केले व मार्च २०२४ मध्ये सुधारले. १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात २१ आहेत.

सर्वांत मोठा गैरसमज बेरजेचा. एकाच माणसाला दोन व्यंगे असली तर त्यांची सरळ बेरीज होत नाही. मोठा आकडा पूर्ण धरतात. मग नव्वदातून तो वजा करून जे उरते, त्याला लहान आकड्याने गुणून नव्वदने भागतात आणि आलेले उत्तर मोठ्या आकड्यात मिळवतात. पायाचे २५ व हाताचे १५ टक्के असतील तर आपण ४० म्हणू, पण हिशेबाने सुमारे ३६ येतात. तसेच एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा चांगला असेल तर ३० टक्केच धरले जातात. अशा वेळी बोर्डाने अन्याय केला असे नसते, आणि केवळ त्यावर अपील करून हाती काही लागत नाही.

अपील कधी करावे?

एखादे व्यंग तपासलेच गेले नाही, जुना अहवाल पाहिला गेला नाही, किंवा आकडा मांडण्यात चूक झाली, तर अपिलाला अर्थ आहे. माझ्या माहितीतील तासगावकडच्या एका शेतमजुराचा पाय अपघातात अधू झाला होता. त्याच अपघातात हाताची नसही दुखावली होती, पण तपासणीच्या दिवशी हाताचे कागद घरीच राहिले. प्रमाणपत्र पायापुरते ३० टक्क्यांचे आले. नसांच्या तपासणीचा अहवाल जोडून त्यांनी फेरतपासणी मागितली. हाताचे २० टक्के धरले गेले आणि एकूण ४३ झाले.

दुखणे प्रमाणपत्रानंतर वाढले असेल तर मात्र तो अपिलाचा विषय नाही. त्यासाठी नव्याने तपासणीचा अर्ज करावा. तात्पुरत्या प्रमाणपत्राची मुदत संपल्यावरही फेरतपासणीच होते.

मार्ग कोणता?

२०१६ च्या कायद्याच्या कलम ५९ नुसार प्रमाणपत्र देणाऱ्या अधिकाऱ्याच्या निर्णयावर अपील करता येते. अपिलाची मुदत आणि अधिकारी राज्य शासन ठरवते. म्हणून प्रमाणपत्र हाती येताच, ‘पुढे बघू’ न म्हणता, जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात दोन्ही गोष्टी विचारून घ्याव्यात. दिव्यांगत्व नाहीच असे ठरले असेल तर तसे लेखी कळवणे कायद्याने बंधनकारक आहे. तोंडी उत्तरावर परत फिरू नये.

तपासणीचे कागद मिळत नसतील तर माहितीच्या अधिकारात १० रुपये शुल्क भरून अर्ज करावा. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही. उत्तर ३० दिवसांत मिळायला हवे. अपिलाच्या अर्जात ‘गरीब आहे, दया करा’ असे लिहून उपयोग होत नाही. कोणते व्यंग राहिले आणि कोणता अहवाल ते दाखवतो, हे तारखेसह मुद्देसूद लिहावे. अर्जाची पोच घ्यावी.

बोर्डाचे मत म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नव्हे. महाराष्ट्रातील एका विद्यार्थ्याला वाणीच्या दिव्यांगत्वामुळे वैद्यकीय प्रवेश नाकारला गेला. सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या मौलाना आझाद वैद्यकीय महाविद्यालयात त्याची फेरतपासणी करवली आणि प्रवेशाचा मार्ग मोकळा झाला. ऑक्टोबर २०२४ च्या त्या निकालात न्यायालयाने सांगितले, की उमेदवाराला अपात्र ठरवताना बोर्डाने कारणे नोंदवली पाहिजेत.

मदत कोठे मिळेल?

दिव्यांग व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठी सातारा व सांगलीच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. हक्क डावलला गेल्याची तक्रार पुण्यातील दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे करता येते. टक्के पुरेसे असूनही तहसील कार्यालयाने वय किंवा उत्पन्नावरून अर्ज फेटाळला असेल, तर तो वाद बोर्डाशी नाही. तेथे तहसीलकडूनच लेखी कारण मागावे.

तपासणीला जाताना

उपचार पूर्ण झाल्यावर जावे. सर्व व्यंगांचे अहवाल, एक्स-रे, शस्त्रक्रियेचे कागद आणि त्यांच्या छायाप्रती न्याव्यात. काठी, कॅलिपर, श्रवणयंत्र वापरत असाल तर तेही बरोबर असावे. डॉक्टरांनी विचारले नाही तरी दुसरे दुखणे आपणहून सांगावे. लाजून ‘तसा बरा आहे’ म्हणू नये, आणि नाही ते दुखणेही सांगू नये. ‘टक्के वाढवून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाला दारातूनच परत पाठवावे. खोटेपणाने दिव्यांगांचा लाभ घेतल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. खऱ्या दुखण्याचे नीट कागद जवळ असतील, तर त्या एजंटाची गरजही पडत नाही.