भिंतीवरचे शब्द आणि जपानी तरुणांचा भ्रमनिरास

एप्रिल २००३ मध्ये, म्हणजे अमेरिकेने इराकवर हल्ला केल्याला महिना होत आला असताना, तोक्योच्या सुगिनामी विभागातील एका उद्यानात एका तरुणाने सार्वजनिक स्वच्छतागृहाच्या पांढऱ्या भिंतीवर लाल व काळ्या स्प्रेने मोठ्या अक्षरांत तीन गोष्टी लिहिल्या. पहिल्या दोन युद्धाच्या विरोधात होत्या. तिसरी होती ‘स्पेक्टॅकल समाज’. हा शब्दप्रयोग फ्रेंच विचारवंत गी दबोर यांच्या १९६७ च्या ग्रंथातून आलेला आहे. माणसे प्रत्यक्ष जगण्याऐवजी जगण्याचा देखावाच पाहत राहतात असा समाज, हा त्याचा स्थूल अर्थ. युद्धविरोध दूरच्या इराकसंबंधी होता. हा तिसरा शब्द मात्र लिहिणाऱ्याच्या भोवतालच्या समाजावर बोट ठेवणारा होता.

जपानमध्ये अशा लिखाणाला ‘राकुगाकी’ म्हणतात. सत्तेवर निनावी टीका करणारे लेखन उघड्यावर लावण्याची परंपरा तेथे जुनी आहे. क्योतोतील निजो येथील नदीकाठी १३३४ मध्ये लावलेले उपरोधिक लेखन जपानच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. परंतु आधुनिक कायद्यासमोर ही परंपरा कामी आली नाही. लघु अपराध कायद्याखाली असे कृत्य किरकोळ दंडावर सुटू शकते. येथे मात्र दंडसंहितेतील इमारतीचे नुकसान करण्याचे कलम लावण्यात आले, ज्यास पाच वर्षांपर्यंत कैद आहे. इमारत पडली नव्हती, तिचा वापरही थांबला नव्हता. मग नुकसान कशाचे? जानेवारी २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यावर निर्णय दिला. इमारतीचे बाह्य रूप गंभीररीत्या विद्रूप झाले व ते पूर्ववत करणे बरेच कठीण झाले, म्हणून हेही नुकसानच होय, असे न्यायालयाने म्हटले. पुन्हा रंग देण्याचा खर्च सुमारे ७० हजार येन होता. शिक्षा एक वर्ष दोन महिने कैदेची. ती तीन वर्षांसाठी स्थगित ठेवण्यात आली. निर्णय कायद्याच्या चौकटीत बसतो, हे मान्य. तरीही भिंतीचे सौंदर्य हा निकष निर्णायक ठरला, ही बाब नजरेआड करता येत नाही.

आता २००३ या वर्षाकडे पाहू. जपानी कंपन्या नवपदवीधरांना एकाच वेळी, एप्रिलमध्ये रुजू करून घेतात. त्यासाठीची निवड विद्यार्थी शिकत असतानाच झालेली असते. चांगली शाळा, चांगले विद्यापीठ आणि त्यानंतर आयुष्यभराची नोकरी, असा हा अलिखित करार होता. शेअर बाजाराचा फुगा १९९० मध्ये फुटल्यावर कंपन्यांनी जुन्या नोकरांना सांभाळले आणि नवी भरती आखडती घेतली. पदवीनंतर नोकरीस लागणाऱ्यांचे प्रमाण १९९१ मध्ये ८१ टक्के होते. २००३ मध्ये ते ५५ टक्क्यांवर आले. या काळाला जपानी लोक ‘नोकरीचे हिमयुग’ म्हणतात. ज्याची ती एक संधी हुकली, त्याला पुढे कायम नोकरी मिळणे दुरापास्त झाले. तो ‘फ्रीटर’ झाला, म्हणजे तात्पुरत्या कामांवर जगणारा. अभ्यास त्याने केला होता; करार दुसऱ्या बाजूने मोडला होता. भ्रमनिरास हा शब्द येथे नेमका लागू पडतो.

अर्थात भिंतीवरील प्रत्येक रेघेमागे बेकारी शोधणे उतावळेपणाचे ठरेल, आणि आपण अध्यापक मंडळी असा उतावळेपणा बऱ्याचदा करतो! न्यूयॉर्कच्या हिप-हॉपवरील ‘वाइल्ड स्टाइल’ हा चित्रपट १९८३ मध्ये, सुबत्तेच्या काळातच, जपानमध्ये पोहोचला आणि स्प्रेने आपले टोपणनाव रंगवण्याची कला तरुणांनी उचलली. योकोहामातील साकुरागिचो येथे रेल्वेच्या उन्नत मार्गाखालील लांब भिंत अशा चित्रांसाठी प्रसिद्ध झाली. जानेवारी २००४ मध्ये तो मार्ग बंद झाला व पुढे भिंतीवरील चित्रेही गेली. या चित्रांत घोषणा क्वचितच असत, नावे असत. मला स्वतःला ही नावे घोषणांइतकीच बोलकी वाटतात. ज्या समाजात माणसाची ओळख कंपनीच्या नावाने करून दिली जाते, तेथे कंपनी नसलेल्याने स्वतःचे नाव सहा फूट उंच लिहावे, यात आश्चर्य ते काय?

२०११ मध्ये, फुकुशिमा अणुदुर्घटनेनंतर काही आठवड्यांनी, ‘चिम पोम’ या तरुण कलावंतांच्या गटाने शिबुया स्थानकात वेगळा मार्ग अवलंबला. तेथे अणुस्फोटाच्या विषयावरील तारो ओकामोतो यांचे ‘उद्याचे मिथक’ हे विशाल भित्तिचित्र आहे. त्याच्या खालच्या कोपऱ्यालगत त्यांनी धुमसणाऱ्या अणुभट्ट्यांचे एक चित्र रातोरात डकवले. मूळ चित्राला त्यांनी रंगाचा थेंबही लागू दिला नव्हता. पोलिसांनी त्यांचे प्रकरण लघु अपराध कायद्याखाली सरकारी वकिलांकडे पाठवले. इमारतीच्या नुकसानीचे कलम या वेळी लागले नाही. चित्र काढून घेतले तेव्हा भिंत पूर्वीसारखीच होती.