प्रेस उघडण्याचा क्षण

रबर साच्यात घालून, दाब देऊन तापवले की त्याला कायमचा आकार येतो. साच्यातून काढायचे मात्र नेमक्या क्षणी. लवकर काढले तर कच्चे, उशीर झाला तर वाजवीपेक्षा जास्त शिजलेले. ती वेळ काढण्याचे अऱ्हेनियसचे समीकरण कारखानदारांना माहीत होते. पण बंद प्रेसच्या आतले तापमान नक्की कळत नसल्याने शेवटी अंदाजच चालायचा.

अमेरिकेतल्या जेम्स डीअर आणि थिओडोर लटन यांनी साच्याचे तापमान सतत मोजून ते संगणकाला पुरवले. संगणक दर वेळी वेळेचे गणित नव्याने मांडायचा आणि ती भरताच प्रेस उघडण्याचा इशारा द्यायचा. 1975 साली त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला. पेटंट कार्यालयाने तो फेटाळला: समीकरण जुने, प्रेसही जुनी, उरला तो संगणकाचा प्रोग्रॅम!

नकाराला आधार होता. गणिती सूत्रावर कोणाची मक्तेदारी नको, म्हणून अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1972 मध्ये अंकांचे रूपांतर करणारी एक संगणकीय रीत पेटंटबाहेर ठेवली होती. 1978 मध्ये रासायनिक प्रक्रियेतल्या धोक्याच्या इशाऱ्याची मर्यादा सूत्राने बदलत ठेवण्याची पद्धतही नाकारली गेली. तिथे हाती येत होता तो फक्त एक नवा आकडा. डीअर यांच्या पद्धतीत मात्र प्रेस खरोखर उघडते, कच्च्या रबराची पक्की वस्तू होते. त्यांचा खटलाही याच न्यायालयात पोहोचला आणि 3 मार्च 1981 रोजी पाच विरुद्ध चार मतांनी निकाल त्यांच्या बाजूने लागला. विरोधी न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांना यात नवे दिसले ते हिशेबापुरतेच. त्यांचा आक्षेप पोकळ नव्हता; तरी मला बहुमत पटते, कारण मागितलेला हक्क सूत्रावर नव्हता, रबर पक्के करण्याच्या पद्धतीवर होता.

अर्थात यंत्राचे नुसते नाव घेऊन भागत नाही. व्यवहारात मध्यस्थ ठेवून जोखीम कमी करण्याची जुनी रीत साध्या संगणकावर चालवली, तर तेवढ्याने ती पेटंटयोग्य होत नाही, असे त्याच न्यायालयाने 2014 मध्ये ‘ॲलिस’ खटल्यात एकमताने ठरवले.

भारतात पेटंट कायद्याचे कलम 3(के) नुसत्या संगणक प्रोग्रॅमला पेटंट नाकारते. पेटंट कार्यालयाच्या 2016च्या मार्गदर्शक सूचनांत त्यासोबत नवे हार्डवेअर हवे, अशी अट होती. 2017च्या सुधारित सूचनांत ती उरली नाही. पुढे 2019 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, शोधाचा तांत्रिक परिणाम दिसत असेल, तर केवळ तो संगणकावर चालतो म्हणून पेटंट नाकारता येणार नाही.