ट्रंकेतला जर्मन बिल्ला

वाचकहो, तुमच्या घरात आजोबा-पणजोबांची फौजेतली काळी ट्रंक असेल, तर एकदा तिच्या तळाशी हात घालून पाहा. पेन्शनचे कागद निघतील, इंग्रज राजाचे डोके असलेली पदके निघतील आणि क्वचित एखादा काळा लोखंडी क्रॉस, नाहीतर पंख पसरलेल्या गरुडाचा बिल्लाही हाताला लागेल. पदके आपल्या माणसाची. गरुड परका आहे. तो जर्मन फौजेचा.

परमुलखातला हा गरुड आपल्या गावात कसा आला, हे सांगणे अवघड नाही. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी, रायगड, नगर या भागांत घरटी एक माणूस फौजेत असे. साताऱ्याच्या अपशिंग्याला तर लोक मिलिटरी अपशिंगेच म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणी इटलीत जर्मनांशी लढल्या. माणगावकडचे यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी तिथे एकट्याने शत्रूच्या मशीनगनवर चालून गेले आणि धारातीर्थी पडले. नगर जिल्ह्यातल्या निमजचे नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीकाठी जखमी सोबत्यांना पाठीवर घेऊन आणले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. अशा लढाईनंतर कैद झालेल्या किंवा पडलेल्या शत्रूच्या अंगावरचा बिल्ला, बक्कल आठवण म्हणून खिशात घालण्याची रीत सगळ्याच देशांच्या सैनिकांत होती. आपली माणसेही त्याला अपवाद नव्हती.

आता त्या लोखंडी क्रॉसची गोष्ट ऐका. १८१३ साली प्रशियाचा राजा तिसरा फ्रीडरिख विल्हेल्म नेपोलियनविरुद्ध उठला. खजिन्यात खडखडाट. तेव्हा बायांनी अंगावरचे सोने लढाईसाठी दिले आणि बदल्यात लोखंडाचे दागिने घातले. लोखंडाच्या अंगठीला त्या दिवसांत सोन्याहून जास्त मान होता. त्याच वर्षी राजाने शौर्यपदक काढले, तेही लोखंडाचे. त्याचा नमुना शिंकेल नावाच्या नामवंत वास्तुशिल्पीने रेखला. विशेष म्हणजे ते हुद्दा पाहून दिले जात नव्हते. सरदाराला आणि शिपायाला एकच क्रॉस. पुढे १८७०, १९१४ आणि १९३९ साली, प्रत्येक नव्या युद्धात ते पुन्हा सुरू झाले. पहिल्या महायुद्धात त्याचा दुसरा वर्ग ५० लाखांहून अधिक जणांना मिळाला, म्हणून ती वस्तू फार दुर्मिळ नाही. कोणी लाखो रुपयांच्या गोष्टी सांगू लागला तर एवढे लक्षात असू द्या.

साल ओळखणे सोपे आहे. पहिल्या युद्धाच्या क्रॉसवर मुकुट, मध्ये रोमन लिपीतले डब्ल्यू अक्षर आणि खाली १९१४. दुसऱ्या युद्धाच्या क्रॉसवर मध्ये तिरके स्वस्तिक, खाली १९३९ आणि मागे १८१३.

खरा की खोटा, ही मात्र सोनाराच्या हातची पारख आहे. खरा क्रॉस एका तुकड्याचा नसतो. मध्ये काळा रंग दिलेली लोखंडी पत्री, तिच्या दोन्ही अंगांनी चांदीची किंवा जर्मन सिल्व्हरची चौकट, आणि त्या दोन चौकटी कडेला डाख देऊन जोडलेल्या. घड्याळजी डोळ्याला लावतो ते भिंग घ्या आणि कड पाहा. सांधा दिसला पाहिजे. सगळा क्रॉस एकसंध ओतलेला असेल तर तो बाजारी माल समजा. मग दोऱ्याला बांधून तो लोहचुंबकाजवळ न्या. मधले लोखंड ओढले जाते, चौकट नाही. पण एवढ्यावर निकाल देऊ नका. काही खऱ्या क्रॉसांचा गाभाही बिनलोखंडाचा होता आणि नकली करणाऱ्यालाही लोखंड मिळतेच.

भिंगातून आणखी एक गोष्ट दिसते. खरे बिल्ले बहुतेक पोलादी ठशाखाली दाबून काढलेले असतात. त्यांच्या रेघा धारदार, पिसान् पीस मोकळे. खऱ्या बिल्ल्याचा साचा घेऊन ओतलेल्या नकलेत पीस भरून येते, पृष्ठभागावर बारीक बुडबुड्यांच्या खळग्या राहतात आणि कडेला ओतीव शिवण घासून काढल्याच्या खुणा दिसतात. ओतलेली घंटा आणि ठोकलेले भांडे यांतला फरक तुम्हाला मी काय सांगावा! काही नकलांना जुने दिसावे म्हणून आम्ल लावतात, मातीत पुरतात. असा गंज सगळीकडे सारखा असतो. खरी झीज जिथे हात लागतो, कापड घासते तिथेच होते.

दुसऱ्या युद्धातल्या क्रॉसच्या कडीवर पुष्कळदा इंग्रजी आकडा असतो. तो कारागिराचा. ६५ म्हणजे इडार-ओबरश्टाइन या, रत्नांना पैलू पाडण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या गावातली पेढी. ४ म्हणजे ल्यूडेनशाइडची श्टाइनहाउअर आणि ल्यूक. आकडा आहे म्हणून माल खरा, असे मात्र नव्हे. नकलेवरही आकडा मारता येतो आणि पुष्कळ खऱ्यांवर तो नसतोच.

क्रॉसपेक्षा बक्कल सापडण्याचा संभव जास्त. पायदळाच्या बक्कलावर गरुड आणि ‘देव आमच्यासोबत’ अशा अर्थाची जर्मन अक्षरे असतात. हवाई दलाच्या बक्कलावर उडता गरुड, अक्षरे नाहीत. आपल्याकडे ॲल्युमिनियमच्या भांड्यांना जर्मनची भांडी म्हणतात ना? पायदळाची १९३६ नंतरची पहिली बक्कले खरोखरच त्या ‘जर्मन’ची होती. लढाई लांबली, ॲल्युमिनियम विमानांना लागू लागले आणि बक्कले पोलादी झाली. बिल्ल्यांचेही तसेच. आधी चांगल्या पितळी मिश्रधातूचे, मग जस्ताचे. जस्तावरचा मुलामा वर्षानुवर्षांत विरून जातो आणि बिल्ला राखाडी, निस्तेज दिसतो. तो तसाच असायला हवा. ऐंशी वर्षांचा जस्ती बिल्ला चांदीसारखा चकाकत असेल तर संशय धरा.

कापडी बिल्ल्यांची एक परीक्षा बँकेत पाहायला मिळते. नोटा तपासायचा जांभळा दिवा असतो, त्याखाली आजकालचा दोरा निळसर पांढरा चमकतो, कारण कापड शुभ्र दिसावे म्हणून त्यात घालतात ती रसायने युद्धानंतर सर्रास वापरात आली. जुना दोरा मंद राहतो. पण जुने कापड आजच्या साबण-पावडरीत धुतले की तेही चमकू लागते. म्हणजे प्रेमाने धुणाऱ्या सूनबाईच पुरावा पुसून टाकतात!

एका कापडी बिल्ल्याचा आपल्याशी जवळचा संबंध आहे. उत्तर आफ्रिकेत कैद झालेल्या भारतीय सैनिकांतून नेताजी सुभाषचंद्र बोस यांनी जर्मनीत आझाद हिंद पलटण उभी केली. सुमारे तीन हजार माणसे. त्यांच्या बाहीवर केशरी-पांढऱ्या-हिरव्या पट्ट्यांवर झेपावणारा वाघ आणि वर जर्मन भाषेत ‘स्वतंत्र भारत’. या पलटणीसाठी खास पदकेही व्हिएन्नात घडवली गेली. माणसे थोडी, मागणी जगभर, म्हणून या वाघाच्या नकला सुळसुळाट झाल्यासारख्या फिरतात. पदकांत तर आणखी पेच: जुन्याच ठशातून युद्धानंतरही माल काढला गेला. ठसा खरा, वस्तू नवी. तिथे भिंगही हात टेकते. अशा वेळी सोबतचे कागदच बोलतात.

आता एक नाजूक गोष्ट. बिल्ल्यावर स्वस्तिक पाहून कोणी भाबडेपणाने तो देव्हाऱ्यात ठेवील, म्हणून सांगतो. आपले स्वस्तिक वेगळे. हिटलरच्या पक्षाने १९२० साली ते आपले निशाण केले आणि त्या निशाणाखाली साठ लाख ज्यू माणसे, बायकापोरांसकट, मारली गेली. आपल्या रायगडात पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवणारे, शनिवार पाळणारे शनवार तेली म्हणजे बेने इस्रायल, हे त्यांचेच धर्मबांधव. जर्मनीत आज हे निशाण चारचौघांत मिरवणे गुन्हा आहे. शिक्षण, संशोधन, कला अशा कामांपुरती सूट आहे. १९५७ साली तिथे कायदा झाला आणि जुन्या सैनिकांना पदके घालण्याची मुभा मिळाली, पण स्वस्तिक काढून. क्रॉसवर त्या जागी ओकची तीन पाने आली. तसा क्रॉस हाती आला तर तो खोटा नव्हे, नंतरचा आहे. तर हा बिल्ला गळ्यात घालण्याचा नव्हे, पूजेचाही नव्हे. हा पुरावा आहे आणि पुरावा डब्यात ठेवायचा असतो.

ठेवायचा कसा? आधी हे की, घासायचा नाही. चिंच नको, लिंबू नको, राख, रांगोळी, भांड्यांची पावडर काही नको. जस्ताला आंबट लागले की ते खाल्लेच जाते. काळा रंग आणि मुलामा एकदा गेला की परत येत नाही. मागून दिलेला रंग जाणकार लांबूनच ओळखतो. धूळ मऊ कुंचल्याने झटका, बस्स. हाताचा घाम धातूवर ठसे उमटवतो, तेव्हा कडेने धरा. प्लॅस्टिकच्या मऊ पिशवीत ठेवू नका, ती कालांतराने चिकट पाझरते. रबर बँड चांदीला काळा पाडतो. खळ काढून धुतलेल्या पांढऱ्या सुती फडक्यात गुंडाळून, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि औषधांच्या बाटलीत येतात त्या ओल शोषणाऱ्या पुड्या सोबत टाका. कोकणात पावसाळ्यापूर्वी पुड्या बदला. लोकरी बिल्ल्याला कसर लागते. दर दोन-तीन महिन्यांनी उघडून पाहा. रिबीन उन्हात टांगू नका.

विकावेसे वाटले तर घाई करू नका. दारावर येणारा वजनावर भाव करील. आणि शंभर वर्षांहून जुन्या ऐतिहासिक वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने खासगी माणसाला परदेशी पाठवता येत नाहीत. १९१४ च्या क्रॉसने ती वेस ओलांडली आहे. बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात पलटणीचे संग्रहालय आहे. गिऱ्हाइकाला दाखवण्याआधी तिथे विचारावे, असे माझे मत.

एक वस्तू मात्र सापडली तर विकूच नका. जस्ताची किंवा ॲल्युमिनियमची लंबगोल चकती, मधोमध तोडण्यासाठी पाडलेल्या फटी, दोन्ही अर्ध्यांवर तीच अक्षरे. हा जर्मन सैनिकाचा ओळखबिल्ला. त्यावर नाव नसते. पलटण, अनुक्रमांक आणि पुढे रक्तगट. माणूस पडला की एक अर्धा मोडून दप्तरी जाई, दुसरा देहाबरोबर राही. आजही पूर्व युरोपात शेतकऱ्याच्या नांगराला अशी चकती लागते. जर्मन युद्धसमाधी संस्था १९१९ पासून हे काम करते. १९९० नंतर तिने तिकडे लाखो सैनिकांचे अवशेष काढून नीट पुरले. चकती असेल तर बर्लिनच्या सरकारी दप्तरातून नाव निघते, घरी कळवता येते. बिल्ले शोधणाऱ्या चोरट्याने आधीच चकती काढून विकली असेल, तर तो माणूस कायमचा बेनाव राहतो. लढाईवरून परत न आलेल्या माणसाची वाट पाहणे काय असते, हे फौजी घरांना वेगळे सांगायला नको. अखंड चकती असेल तर तो कदाचित जिवंत कैदी झाला असेल. अर्धी असेल तर दप्तराला जरूर कळवावे. जर्मन संघराज्याचे अभिलेखागार हे काम पाहते.

पहिल्या युद्धाच्या इंग्रजी पदकांच्या कडेवर शिपायाचे नाव, नंबर, पलटण कोरलेली असते. जर्मन बिल्ल्यावर बहुधा काहीच नाही. तो तुमच्या घरी कसा आला, हे फक्त घरातल्या म्हाताऱ्या माणसांना माहीत आहे आणि तीही एकेक करून जात आहेत. म्हणून आजच बसा, आजीला विचारा. कोणी आणला, कोणत्या पलटणीत होते, कोणत्या देशात, कोणत्या साली, त्यांनी काय सांगितले होते, कोण सांगते आहे. आठवत नसेल तिथे ‘आठवत नाही’ असेच लिहा, भर घालू नका. डिस्चार्जच्या वहीची नक्कल सोबत ठेवा. चिठ्ठी शाईने लिहू नका, ओलीने शाई पसरते. शिसपेन्सिलीने लिहा आणि बिल्ल्याला न चिकटवता त्याच डब्यात ठेवा.