सरकारी योजनांचा हिशेब : अंश आणि छेद

सरकारी खात्यात वरिष्ठ कार्यक्रम-विश्लेषक म्हणून काम करणारा मनुष्य दिवसभर करतो तरी काय, हा प्रश्न आम्हांला घरच्या मंडळींपासून बँकेतल्या कारकुनापर्यंत पुष्कळांनी विचारला आहे. तो योजना चालवीत नाही, आणि तो लेखापरीक्षकही नव्हे. पैसा नियमाप्रमाणे खर्च झाला की नाही हे लेखापरीक्षक पाहतो. त्या पैशाने जे साधावयाचे होते ते साधले का, आणि नसेल तर वाटेत कोठे अडले, हे पाहून वरिष्ठांना सांगणे हे विश्लेषकाचे काम.

हे पदनाम मूळचे अमेरिकेतले. रॉबर्ट मॅक्नमारा यांनी १९६१ नंतर तेथील संरक्षण खात्यात खर्चाची उद्दिष्टाशी सांगड घालणारी अंदाजपत्रकाची पद्धत आणली व १९६५ साली अध्यक्ष जॉन्सन यांनी ती इतर खात्यांस लागू केली. पुढे ती पद्धत बाजूस पडली. विश्लेषक मात्र राहिले. सरकारात एकदा निर्माण झालेले पद सहसा नाहीसे होत नाही, हे श्रोत्यांस आम्ही सांगावयास नको.

आपल्या देशात या कामाचा आरंभ त्याहूनही आधीचा आहे. २ ऑक्टोबर १९५२ रोजी ५५ प्रकल्पांनिशी समूह विकास योजना सुरू झाली आणि त्याच महिन्यात नियोजन आयोगाच्या छत्राखाली कार्यक्रम मूल्यमापन संघटना स्थापन झाली. आरंभीच्या काळात तिचे संचालक होते आपले प्रा. द. गो. कर्वे. ही संघटना योजना राबविणाऱ्यांच्या हाताखाली ठेवली नव्हती, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ज्याने उत्तरपत्रिका लिहिली त्यानेच गुण द्यावयाचे म्हटले, तर निकाल शंभर टक्केच लागणार.

आमच्या उमेदवारीच्या काळात एका जिल्ह्यातील विहिरींची योजना पाहावयास आम्ही गेलो होतो. कचेरीतल्या तक्त्यात बहुतेक विहिरींपुढे 'पूर्ण' असा शेरा होता, आणि तो खोटा नव्हता. बांधकाम झाले, कठडा घातला, की विहीर पूर्ण. अशाच एका विहिरीपाशी एक वृद्ध बाई बसल्या होत्या. "आजी, पाणी किती दिवस पुरतं?" असे आम्ही विचारले. त्या म्हणाल्या, "दिवाळीपतुर. पुढं टँकर आला तर आला." तक्त्यात पाणी किती महिने टिकते याचा रकानाच नव्हता. तो घालावा असे आम्ही अहवालात लिहिले. 'विषयाच्या कक्षेबाहेर' असा शेरा मारून मसुदा परत आला. आम्ही ते वाक्य गाळले. अहवाल मंजूर झाला. त्यानंतर आम्हांला बढतीही मिळाली, आणि त्या बढतीचा आनंद आम्हांला कधीच निखळपणे झाला नाही.

गाळलेल्या रकान्याची किंमत केवढी असते, हे रेशनच्या धान्यावरून नीट कळते. गरिबांसाठी लक्ष्यनिर्धारित वितरणव्यवस्था जून १९९७ मध्ये सुरू झाली. धान्यावर किती कोटींचे अर्थसाहाय्य दिले, हा आकडा दरवर्षी अंदाजपत्रकात छापून येई. मूल्यमापन संघटनेने दुसराच प्रश्न विचारला : त्यातले गरिबाच्या घरात किती गेले? तिचा अहवाल २००५ साली आला. केंद्रीय साठ्यातून निघालेल्या स्वस्त धान्यापैकी सुमारे ५८ टक्के धान्य दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांपर्यंत पोचतच नव्हते. अर्थसाहाय्याचा ३६ टक्क्यांहून अधिक भाग वाटेत गळत होता आणि आणखी २१ टक्के दारिद्र्यरेषेवरच्या घरांत जात होता. गरिबाच्या पदरात एक रुपया पडावा म्हणून सरकारला ३ रुपये ६५ पैसे खर्चावे लागत होते. शाळेतल्या अपूर्णांकाच्या भाषेत बोलायचे तर अंश तोच, खर्चाचा. विश्लेषकांनी छेद तेवढा बदलला. किती धान्य वाटले याने न भागता, किती पोचले याने भागले.

हे शोधण्यास फार मोठी विद्या लागते असे नाही, पायपीट मात्र लागते. गोदामातून किती निघाले, दुकानाच्या वहीत किती चढले आणि घरातल्या माणसांना किती मिळाले, हे तीन ठिकाणी जाऊन विचारावे लागते. अस्तित्वात नसलेल्या कुटुंबांच्या नावाच्या शिधापत्रिका अशा वेळीच उघडकीस येतात. कार्ड खऱ्या कुटुंबाचे, पण ते वापरणारा भलताच, हेही तेव्हाच कळते.

त्या अहवालातला ३ रुपये ६५ पैशांचा आकडा सर्वतोमुखी झाला. दुसरा आकडा तितका झाला नाही. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांपैकी जेमतेम ५७ टक्क्यांनाच या व्यवस्थेचा आसरा मिळाला होता. बाकीची यादीतच नव्हती. गळतीने सरकारचा पैसा जातो, म्हणून तिची ओरड होते. यादीबाहेर राहिलेल्याचे धान्य मुळात गोदामातून निघालेलेच नसते, त्यामुळे ते कोणत्याच वहीत तुटीचे म्हणून दिसत नाही. आमच्या मते दुसरा आकडा अधिक गंभीर होता. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने ग्रामीण भागात ७५ आणि शहरी भागात ५० टक्क्यांपर्यंत लोकांना या व्यवस्थेत घेण्याची तरतूद झाली.

२०१५ साली ती जुनी संघटना नीती आयोगाच्या विकास देखरेख व मूल्यमापन कार्यालयात विलीन झाली. आता दुकानात अंगठा उमटवला की नोंद यंत्रात होते, आणि दिल्लीत बसून ती पाहता येते. पण ज्याचा अंगठा यंत्र ओळखत नाही, तो त्या दिवशी धान्य घेऊन गेला की रिकामी पिशवी घेऊन, हे विचारण्यास अजून त्याच्या घरीच जावे लागते.