अराजकाला रूप नसते

नाशिक जिल्ह्यातील वणीजवळच्या सप्तशृंग गडावर अठरा हातांची देवी उभी आहे. तिच्या हातांतील शस्त्रे, देवीमाहात्म्यानुसार, देवांनी दिलेली आहेत. समोरचा महिषासुर मात्र क्षणात रेडा, क्षणात सिंह, क्षणात हत्ती! रूप बदलणे हेच त्याचे बळ.

२००८ मध्ये आलेल्या क्रिस्टोफर नोलान यांच्या ‘द डार्क नाइट’मधील जोकर याच जातीचा. चेहऱ्यावरील व्रणांची कहाणीही तो दरवेळी निराळी सांगतो. त्याला धन नको. नियम हे वरवरचे सोंग आहे, एवढेच सिद्ध करायचे आहे. राजसत्तेच्या धाकाविना माणसे एकमेकांवर तुटून पडतील, असे सतराव्या शतकातील तत्त्वज्ञ थॉमस हॉब्ज यांनीही मानले होते.

जोकर दोन बोटींवर स्फोटके ठेवतो. एकीवर नागरिक, दुसरीवर कैदी. प्रत्येकीच्या हाती दुसरी उडविण्याची कळ. नागरिक रीतसर मतदान घेतात आणि बहुमत स्फोटाच्या बाजूने पडते. तरीही कळ दाबायला कोणाचा हात धजावत नाही. दुसऱ्या बोटीवरील एक कैदी तर ती पाण्यातच भिरकावतो.

म्हणजे येथे नियमाने नव्हे, विवेकाने माणसे वाचविली. महिषासुराचा वध देवीने केला. जोकरचा सिद्धान्त मात्र बॅटमनने नव्हे, सामान्य माणसांनी खोटा पाडला. बॅटमन तर त्याच्या शोधासाठी साऱ्या शहराचे फोन चोरून ऐकतो. देवीची शक्ती सर्वांनी सोपविलेली होती; त्याला ती कोणी दिली? अराजकाशी लढणाऱ्या प्रत्येक सत्तेला हा प्रश्न विचारलाच पाहिजे.