प्रेमकथा रचणारा पदमपूरचा पंडित

आमगाव : हावडा-मुंबई लोहमार्गावर गोंदिया ओलांडून दुर्गच्या दिशेने निघाले की थोड्याच वेळात आमगाव येते. धानाच्या बांध्यांनी वेढलेल्या या तालुक्याच्या गावात भवभूतीचे नाव कोणाला समजावून सांगावे लागत नाही. येथील महाविद्यालयच त्याच्या नावाचे आहे. गावालगतचे पदमपूर हे या संस्कृत नाटककाराचे जन्मस्थान मानले जाते आणि तेथील जुने अवशेष पाहण्यास अभ्यासक अधूनमधून येत असतात. मात्र, भवभूती म्हटले की बहुतेकांना आठवते ते ‘उत्तररामचरित’ आणि त्यातील करुण रस. सीतेच्या विरहाने दगडालाही रडविणारा कवी, ही त्याची ओळख शालेय वयातच पक्की होते. याच कवीने चोरून ठरविलेले विवाह, वेषांतर, पिंजऱ्यातून सुटलेला वाघ आणि स्मशानातील थरार यांनी भरलेली दहा अंकी प्रेमकथा लिहिली, हे त्या मानाने फार थोड्यांना ठाऊक असते. ‘मालतीमाधव’ हे ते नाटक. प्रेमकथा लिहिणारा माणूस काय वाचतो, कोणाच्या संगतीत राहतो आणि कथानकाची जुळवाजुळव कशी करतो, या प्रश्नांची उत्तरे या नाटकात, विशेषतः त्याच्या प्रस्तावनेत, बरीचशी सापडतात.

भवभूतीच्या दिनक्रमाची नोंद त्याच्या काळात कोणी ठेवली नाही. तरीही संस्कृत कवींच्या मानाने त्याने स्वतःविषयी पुष्कळ सांगितले आहे. दक्षिणापथात पद्मपूर नावाचे नगर आहे. काही हस्तलिखितांत तेथे ‘विदर्भ’ हा स्पष्ट उल्लेखही येतो. तेथील काश्यप गोत्राच्या, तैत्तिरीय शाखेच्या उदुंबर ब्राह्मणांच्या घराण्यात तो जन्मला. पाच पिढ्यांपूर्वीच्या पूर्वजाने वाजपेय यज्ञ केलेला. आजोबा भट्टगोपाल, वडील नीलकंठ, आई जातुकर्णी, गुरू ज्ञाननिधी. कवीला श्रीकंठ असेही नाव होते.

हे पद्मपूर म्हणजेच आमगावजवळचे पदमपूर, हे मत प्रामुख्याने महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मांडले. वाकाटकांचा एक अपूर्ण राहिलेला ताम्रपट तत्कालीन दुर्ग जिल्ह्यात मिळाला होता आणि तो पद्मपुराहून निघाल्याचे त्यावरील मजकुरावरून दिसते. हे राजस्थान जुन्या भंडारा जिल्ह्यातील पदमपूरच असावे, असे मिराशींचे प्रतिपादन होते. (आमगाव तालुका १९९९ मध्ये स्थापन झालेल्या गोंदिया जिल्ह्यात आला.) पद्मपूर अन्यत्र असावे, असे म्हणणारे अभ्यासकही आहेत. परंतु विदर्भात, वाकाटकांच्या इतिहासाशी जोडलेले आणि नावही टिकवून ठेवलेले गाव म्हणून पदमपूरचा दावा बळकट आहे.

अशा अग्निहोत्री, सोमयाजी घराण्यातील मुलाचा दिवस अग्नी, अध्ययन आणि अध्यापन यांतच जावयाचा. स्मृतिग्रंथ नटाचे अन्नही निषिद्ध मानतात. या पार्श्वभूमीवर प्रस्तावनेतील एक तपशील चकित करणारा आहे. सूत्रधार सांगतो, की या कवीचे नटांशी स्वभावतःच सख्य आहे आणि आपली कृती त्याने स्नेहापोटी त्यांच्या हाती सोपविली आहे. वाजपेययाजी पूर्वजाचा वंशज नटांच्या मेळ्यात उठबस करतो आणि ते लपवीत नाही, उलट रंगमंचावरून जाहीर करवितो. त्याची तिन्ही नाटके कालप्रियनाथाच्या यात्रेत झाली. हे देवस्थान उज्जैनचे की यमुनाकाठच्या काल्पीचे, याबाबत मतभेद असून मिराशींचा कौल काल्पीला आहे. कोठेही असो, समोर यात्रेला लोटलेला समुदाय होता. भवभूतीला लिहावयाचे होते ते या प्रेक्षकांसाठी.

वाचनाबद्दल त्याने केलेले विधान आजच्या लेखकांनीही ध्यानात घ्यावे असे आहे. वेदांचे अध्ययन, उपनिषदे, सांख्य आणि योग यांचे ज्ञान आपल्यापाशी आहे, हे तो सांगून टाकतो आणि लगेच विचारतो, की त्याचा नाटकात काय उपयोग? वाणीचे प्रौढत्व, शब्दांचे औदार्य आणि अर्थाचे गौरव असेल तरच पांडित्य आणि वैदग्ध्य यांची खूण पटते. वाचलेले सारे पात्रांच्या तोंडी ओतण्याचा मोह पंडित लेखकाला नेहमीच होतो. भवभूतीलाही तो झाला, हे पुढे दिसतेच.

प्रेमकथेकडून काय अपेक्षा आहेत, याची यादीही प्रस्तावनेत आहे. रसांचे विपुल आणि गहन प्रयोग, मैत्रीने मनोहर झालेल्या कृती, प्रेमाच्या सूत्रात ओवलेले साहस, चित्रविचित्र कथा आणि बोलण्यातील चातुर्य. यांतील दुसरा मुद्दा विशेष आहे. प्रेमाच्या नाटकात मैत्रीला एवढे वरचे स्थान देणारे लेखक थोडे. ‘मालतीमाधव’मध्ये नायकाचा मित्र मकरंद नसता तर कथा चौथ्या अंकापुढे गेलीच नसती.

‘प्रकरण’ या नाट्यप्रकाराचा नियम असा, की त्याचे कथानक पुराणांतून न घेता कवीने स्वतः कल्पावे आणि त्यातील माणसे अमात्य, ब्राह्मण, व्यापारी अशा वर्गातील असावीत. म्हणजे कथेचा शेवट प्रेक्षकांना आधीपासून ठाऊक नसतो. भवभूतीने निवडलेली परिस्थिती अशी : विदर्भाच्या राजाचा अमात्य देवरात आणि पद्मावतीच्या राजाचा अमात्य भूरिवसू हे एकेकाळचे सहाध्यायी. आपल्या मुलांचा विवाह करावयाचा, असे वचन त्यांनी विद्यार्थिदशेतच एकमेकांना दिलेले. देवराताचा मुलगा माधव शिक्षणासाठी पद्मावतीस येतो. हे नगर म्हणजे ग्वाल्हेरजवळचे पवाया. तेवढ्यात राजा आपल्या मर्जीतील नंदनासाठी भूरिवसूच्या मुलीला, मालतीला, मागणी घालतो. राजाला नकार देता येत नाही आणि मित्राला दिलेले वचन मोडता येत नाही. साऱ्या नाटकाचा ताण या एका पेचातून येतो.

येथे भवभूतीने भूरिवसूच्या तोंडी जे उत्तर घातले आहे, ते कथानकाच्या बांधणीचा उत्तम नमुना आहे. महाराज आपल्या कन्येचे स्वामी आहेत, असे तो म्हणतो. राजा त्याचा अर्थ होकार असा घेतो. प्रत्यक्षात ‘आपल्या’ म्हणजे राजाच्या स्वतःच्या मुलीचे. मालती राजाची मुलगी नव्हे. अमात्य खोटे बोललेला नाही आणि वचनही मोडलेले नाही. पुढची सारी खटपट मग कामंदकी या वृद्ध बौद्ध भिक्षुणीवर सोपविली जाते. दोन्ही अमात्यांच्या वचनाची ती साक्षीदार. दोघांना एकमेकांच्या दृष्टीस पाडणे, भेटी घडविणे, मालतीचे मन वळविणे, हे सारे ती एखाद्या मुत्सद्द्याच्या थंडपणे करते. तिचे नावही राजनीतीवरील ग्रंथाचा कर्ता कामंदक याची आठवण करून देणारे आहे.

लहान वस्तूंकडून मोठे काम करून घेण्याची भवभूतीची हातोटी तर आजच्या मालिकालेखकांनीही अभ्यासावी अशी आहे. मदनोत्सवात माधवाने ओवलेली बकुळीची माळ मालतीच्या सखीमार्फत, लवंगिकेमार्फत, तिच्याकडे जाते. मालतीने काढलेले माधवाचे चित्र दासदासींच्या हातून फिरत त्याच्यापर्यंत येते. चित्राने दोघांच्या मनाची ग्वाही एकमेकांना मिळते. माळ मात्र प्रेक्षक विसरून जातो. नवव्या अंकात मालती नाहीशी झाल्यावर सौदामिनी ही योगिनी तीच माळ माधवासमोर धरते, ती जिवंत असल्याची खूण म्हणून. पहिल्या अंकात पेरलेले शेवटी उगवते.

मधल्या अंकांत घटनांची नुसती झुंबड आहे. पिंजऱ्यातून सुटलेल्या वाघाच्या तावडीतून मकरंद नंदनाच्या बहिणीला, मदयंतिकेला, वाचवितो आणि दुसरी प्रेमकथा सुरू होते. निराश माधव स्मशानात मानवी मांस विकण्यास जातो आणि तेथे देवीपुढे बळी दिल्या जाणाऱ्या मालतीचा आक्रोश त्याला ऐकू येतो. तो अघोरघंट या कापालिकाला ठार करतो. त्याची शिष्या कपालकुंडला सूड घेण्याची प्रतिज्ञा करते. तोच आठव्या अंकातील अपहरणाचा धागा. विवाहापूर्वी देवळात मालती आणि माधव निघून जातात आणि नवरीच्या वेषात उभा राहतो तो मकरंद. नंदनाला ही ‘नवरी’ झिडकारते, तिची समजूत घालण्यास मदयंतिका येते आणि तीच मकरंदाबरोबर निघून जाते.

कथासरित्सागरातील मदिरावतीच्या कथेशी या प्रसंगांचे साम्य अभ्यासकांनी दाखविले आहे. बृहत्कथेच्या परंपरेतील लोककथा भवभूतीच्या वाचनात वा ऐकण्यात होत्या, असे दिसते. त्याच्या वाचनाच्या इतर खुणाही ठिकठिकाणी आहेत. मालतीचे मन वळविताना कामंदकी शकुंतला, उर्वशी आणि वासवदत्ता यांची उदाहरणे देते. म्हणजे वाङ्मयातील प्रेमकथाच येथे नायिकेला धीर देतात. स्त्रिया फुलांसारख्या कोमल असतात, त्यांच्याशी हळुवारपणे वागावे, हा कामसूत्रातील उपदेश नंदनाच्या आडदांड वागण्यावर बोट ठेवताना येतो. स्मशानाच्या अंकात योगशास्त्र आहे, तर नवव्या अंकात विरही माधव मेघाला निरोप सांगतो. ही कालिदासाला दिलेली दाद मानावी की उसनवारी, हे वाचकाने ठरवावे.

दोषही कमी नाहीत. लांबलचक समासांनी भरलेली वाक्ये संस्कृतातच नव्हे तर प्राकृतातही येतात आणि कथेचा वेग अडवितात. विदूषक त्याच्या एकाही नाटकात नाही. सातव्या अंकातील प्रसंग एवढा विनोदी असूनही हसणे राहून जाते. संकटातून सुटका बऱ्याचदा योगायोगावर टाकलेली आहे. शिवाय सारी सूत्रे कामंदकीच्या हाती असल्याने प्रेमी युगुलाला स्वतः करण्यासारखे थोडेच उरते. मालतीपेक्षा कामंदकी अधिक लक्षात राहते, ती यामुळेच.

समकालीनांनी त्याला नावे ठेवली असावीत, असे त्याच्याच बोलण्यावरून वाटते. आपली अवज्ञा करणाऱ्यांसाठी हा यत्न नाही. काळ अमर्याद आहे, पृथ्वी विशाल आहे आणि कोणी समानधर्मा कधीतरी जन्मेल, हे त्याचे प्रसिद्ध उद्गार याच प्रेमनाटकाच्या प्रस्तावनेतील आहेत. प्रत्यक्षात त्याला इतका काळ थांबावे लागले नाही. कनौजचा राजा यशोवर्मा याच्या दरबाराशी वाक्पतिराज आणि भवभूती या दोघांचा संबंध कल्हणाने ‘राजतरंगिणी’त नोंदविला आहे आणि वाक्पतिराजाने ‘गउडवहो’त भवभूतीची मुक्तकंठाने स्तुती केली आहे. हा काळ आठव्या शतकाचा पूर्वार्ध.

‘उत्तररामचरित’ सामान्यतः यानंतरचे मानले जाते. तेथे वाघ नाही, वेषांतर नाही. वनवासाच्या चित्रांपुढे उभे राहून जुने दिवस आठवणारे पतिपत्नी आहेत आणि त्याच दिवशी होणारी ताटातूट आहे. सात अंकांत बाह्य घटना मोजक्याच घडतात. मात्र वाल्मीकींनी सीतेला भूमीच्या स्वाधीन केले असता भवभूतीने नाटकातील नाटकाच्या युक्तीने दोघांची पुनर्भेट घडविली. ‘मालतीमाधव’ रचताना बसलेला हात येथे कामी आला, असे म्हणावयास जागा आहे. रामकथेचा शेवट बदलण्याचे धाडसही प्रकरण लिहिणाऱ्यालाच सुचावे.

‘मालतीमाधव’ची रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी संपादिलेली, जगद्धराच्या टीकेसह असलेली आवृत्ती १८७६ मध्ये मुंबईत निघाली. मो. रा. काळे यांची इंग्रजी भाषांतरासह असलेली आवृत्ती विद्यार्थ्यांच्या परिचयाची आहे. कृष्णशास्त्री राजवाडे यांनी एकोणिसाव्या शतकातच हे नाटक मराठीत आणले होते. प्रथमच वाचणाऱ्याने प्रस्तावना सावकाश वाचावी, दुसरा, पाचवा, सहावा आणि सातवा अंक सलग वाचावेत. नवव्या अंकातील विलाप पुढच्या खेपेसाठी ठेवला तरी चालेल.