जुनी दुनळी, नवे छर्रे : ‘आजवर काही झालं नाही’ हा पुरावा किती खरा?



अनुमान या विषयावर आपण बोलत आहोत आणि आज त्याला एक उदाहरण घ्यायचं आहे. श्रोत्यांच्या प्रश्नांमध्ये एक प्रश्न असा आला : ‘आजोबांची बारा बोअरची दुनळी बंदूक घरात आहे, परवाना वारसाने माझ्या नावावर झालेला आहे. परदेशात आता शिशाऐवजी पोलादी छर्ऱ्यांची काडतुसं वापरतात म्हणे. ती आमच्या बंदुकीत चालतील का? बंदूक साठ वर्षं वापरात आहे, आजवर काही झालं नाही.’

उत्तर आधीच देऊन टाकतो. बहुतेक जुन्या दुनळ्यांत चालणार नाहीत. काही थोड्या बंदुकांत, काही अटींवर, साधी पोलादी काडतुसं चालू शकतात. पण मला खरा रस आहे तो प्रश्नातल्या शेवटच्या वाक्यात. ‘आजवर काही झालं नाही’ हे वाक्य आपण रोज वापरतो, नाही का? गॅसच्या नळीबद्दल, घराच्या जुन्या गच्चीबद्दल, घाटात गाडी चालवण्याबद्दल. ते वाक्य नेमकं काय सिद्ध करतं, हे या बंदुकीच्या निमित्ताने बघू.

पोलाद आलं कुठून?

शिसं विषारी आहे हे आपल्याला माहीत आहे. पाणपक्षी अन्न दळायला बारीक खडे गिळतात, ते त्यांच्या पेषणीत साठतात. तळ्याच्या गाळात पडलेला छर्रा त्यांना खड्यासारखाच दिसतो. तो पेषणीत झिजतो, शिसं रक्तात उतरतं आणि पक्षी हळूहळू मरतो. अमेरिकेत जॉर्ज बर्ड ग्रिनेल यांनी 1894 साली याविषयी लिहिलं होतं. 1959 मध्ये फ्रँक बेलरोज यांनी अंदाज मांडला की उत्तर अमेरिकेतले दोन ते तीन टक्के पाणपक्षी दरवर्षी असे दगावतात. तरी पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशावर देशभर बंदी यायला 1991 उजाडलं. डेन्मार्कने 1996 मध्ये शिशाचे छर्रे बंद केले. युरोपीय संघात पाणथळ जागांसाठीचा नियम फेब्रुवारी 2023 पासून लागू झाला.

आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारच थांबली. त्यामुळे नवेगावबांधच्या तळ्यावर किंवा गोंदियाच्या सारसांच्या धानबांध्यांत हा प्रश्न त्या रूपात उभा राहिला नाही, आणि पोलादी छर्ऱ्यांना बाजारही मिळाला नाही. खडकीच्या दारूगोळा कारखान्याची ‘शक्तिमान’ काडतुसं शिशाच्या छर्ऱ्यांचीच. म्हणून पोलादाची माहिती आपल्याकडे येते ती परदेशातल्या नातेवाइकांकडून, नाहीतर मोबाइलवरच्या व्हिडिओतून. म्हणजे अर्धवट येते.

फरक काय पडतो?

आधी ‘बारा बोअर’ म्हणजे काय ते सांगतो. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यातली एक गोळी ज्या नळीत बसेल ती बारा बोअर. व्यास साधारण 18.5 मिलिमीटर. बघा, बंदुकीच्या मापातच शिसं आहे! ही सगळी रचना शिसं गृहीत धरून झालेली आहे.

शिशाची घनता 11.3, पोलादाची सुमारे 7.8. म्हणजे 32 ग्रॅम शिसं जेवढी जागा घेतं, त्याच्या जवळजवळ दीडपट जागा तेवढ्याच वजनाच्या पोलादाला लागते. पोलादी छर्रा हलका, त्यामुळे हवेत लवकर मंदावतो. ती उणीव भरून काढायला छर्रा मोठा घेतात आणि वेग वाढवतात. वेग वाढवायचा म्हणजे बऱ्याचदा दाबही वाढतो.

दुसरी गोष्ट कठीणपणाची. शिसं मऊ असतं. नळीच्या तोंडाशी आतून थोडा अरुंदपणा ठेवलेला असतो, त्याला चोक म्हणतात. छर्रे फार पसरू नयेत म्हणून तो असतो. पूर्ण चोक म्हणजे साधारण एक मिलिमीटर कमी, अर्धा चोक म्हणजे अर्धा मिलिमीटर. जुन्या दुनळीत बहुधा उजवी नळी मोकळी आणि डावी घट्ट असते. शिशाचे छर्रे त्या अरुंद जागेतून जाताना दबतात, चेपतात आणि निघून जातात. पोलाद चेपत नाही. मग चेपायचं कोणी? नळीने. चोकच्या मागे अंगठीसारखा फुगवटा येतो. दुनळीत दोन्ही नळ्या मधल्या पट्टीला डाख देऊन जोडलेल्या असतात. नळी फुगली की तो डाख सुटायला लागतो. आतल्या भिंतीवर चरे पडू नयेत म्हणून पोलादी काडतुसात जाड प्लास्टिकची वाटी असते, पण चोकपुढे तीही काही करू शकत नाही.

तिसरी गोष्ट नळीच्या घडणीची. आपल्याकडच्या काही जुन्या, बाहेर घोडे असलेल्या बंदुकांच्या नळ्यांवर सुंदर नागमोडी नक्षी दिसते. ती वरून काढलेली नक्षी नाही. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, वेटोळे करून, ठोकून जोडलेली ती नळी असते. तिला दमास्कस नळी म्हणतात. त्यातल्या बहुतेक काळ्या दारूच्या जमान्यातल्या. अशा नळीत पोलादी छर्रे घालायचेच नाहीत. यात ‘पण’ नाही.

आता तर्काकडे येऊ

अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात एक प्रसिद्ध उदाहरण आहे. ‘जिथे धूर तिथे अग्नी’ हे बरोबर. पण उलट करून ‘जिथे अग्नी तिथे धूर’ म्हणालात तर चुकलात. लालबुंद तापलेल्या लोखंडात अग्नी आहे, धूर नाही. मग चुलीत धूर का दिसतो? कारण तिथे ओलं सरपण आहे. हे ‘ओलं सरपण’ म्हणजे उपाधी. आपण नियम समजून ज्यावर विसंबतो, त्याच्या मागे गुपचूप उभी असलेली अट.

आता बंदुकीकडे बघा. ‘ही बंदूक उडवली की काहीही होत नाही’ हा साठ वर्षांचा अनुभव. त्यामागची उपाधी कोणती? शिसं! साठ वर्षांतला प्रत्येक बार शिशाचा होता. ते बदललंत की साठ वर्षांची साक्ष संपली. ती साक्ष खोटी नव्हती हो, ती दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देत होती.

असं पूर्वीही घडलेलं आहे. चोक नवा होता तेव्हा, 1875 ते 1887 या काळात, इंग्लंडमधल्या चोक असलेल्या नळ्यांवर ‘नॉट फॉर बॉल’, म्हणजे ‘गोळीसाठी नाही’, असा शिक्का मारत. सरळ नळीत पिढ्यान्‌पिढ्या नीट जाणारी सबंध गोळी चोकमध्ये अडकण्याचा धोका होता. मग काळ्या दारूच्या जागी बिनधुराची दारू आली, तेव्हा नळ्या नव्याने तपासून वेगळे शिक्के मारावे लागले. पोलाद हा त्याच रांगेतला पुढचा बदल.

मग प्रमाण कोणतं?

डोळ्यांनी बघून कळेल का? इथे प्रत्यक्षही फसवतं. अनेक जुन्या इंग्रजी बंदुकांची काडतुसाची कोठी, म्हणजे चेंबर, 65 मिलिमीटरची असते. हल्लीची पुष्कळ काडतुसं 70 मिलिमीटरची. पण ही लांबी काडतूस उडून तोंड उघडल्यानंतरची. न उडालेलं काडतूस तोंडाशी दुमडलेलं असतं, म्हणून ते लहान कोठीत आरामात बसतं. बंदूकही छान बंद होते. उडवल्यावर तोंड उघडायला जागा पुरत नाही आणि दाब वाढतो. तेव्हा ‘बसलं’ म्हणजे ‘चाललं’ नव्हे.

उरतं ते शब्दप्रमाण, जाणकाराची साक्ष. ती नळीवर कोरलेली असते. बर्मिंगहॅमचं तपासणीगृह 1813 चं, लंडनचं त्याहूनही जुनं. तिथे नेहमीपेक्षा जास्त दाबाचा बार काढून नळी तपासतात आणि मग शिक्का मारतात. नळ्या दस्त्यापासून वेगळ्या केल्या की खालच्या चपट्या भागावर हे शिक्के दिसतात. 1954 नंतरच्या ब्रिटिश शिक्क्यांत कोठीची लांबी आणि दर चौरस इंचाला किती टन दाब, हेही असतं. वरच्या पट्टीवरचं मँटन किंवा रोडा हे नाव बघून हुरळून जाऊ नका. ती कलकत्त्याची पेढी, बंदूक बहुधा बनलेली दुसरीकडेच.

आजच्या युरोपीय मापांत साध्या बारा बोअरच्या काडतुसाला 740 बारपर्यंत दाब चालतो, जास्त ताकदीच्या काडतुसाला 1050 बारपर्यंत. ही जास्त ताकदीची पोलादी काडतुसं फक्त त्यांच्यासाठीच तपासलेल्या बंदुकांत घालायची. त्या बंदुकांवर लिलीच्या फुलाचं चिन्ह असतं. आजोबांच्या दुनळीवर ते असणार नाही.

साध्या पोलादी काडतुसाचा विचारसुद्धा केव्हा करायचा? नळी बिनधुराच्या दारूसाठी तपासलेली असेल, कोठी काडतुसाच्या लांबीची असेल, दोन्ही नळ्यांचा चोक अर्धा किंवा त्याहून कमी असेल, आणि जाणकार कारागिराने भिंतीची जाडी मोजून नळी ठीक असल्याचं सांगितलं असेल, तेव्हा. चारही हवेत. तीन असून भागत नाही.

एका शब्दाची गंमत, आणि धोका

आपल्या मराठीत सायकलच्या बेअरिंगमधल्या गोळ्यांनाही छर्रेच म्हणतात. पोलादी आहेत, गोल आहेत, गल्लीतल्या दुकानात मिळतात. त्यामुळे ‘हेच भरले तर?’ असा विचार कोणाच्या डोक्यात येऊ शकतो. कृपा करून तो तिथेच थांबवा. काडतुसातले पोलादी छर्रे मुद्दाम मऊ ठेवलेल्या लोखंडाचे असतात. बेअरिंगचे छर्रे पाणी देऊन कडक केलेले, त्यांच्यापेक्षा कितीतरी पट कठीण. शब्द एक, वस्तू दोन. शिवाय घरी काडतुसं भरणं कायद्यातही अडकवेल ते वेगळंच.

श्रोत्यांचे दोन प्रश्न

प्रश्न : म्हणजे शिसंच बरं, असं तुम्ही म्हणता का?

नाही. तळ्यासाठी शिसं वाईटच. बंदूक वाचवायची म्हणून पक्षी मारायचे, असा अर्थ काढू नका. बिस्मथ नावाचा धातू आहे, घनता सुमारे 9.8, शिशाच्या बराच जवळ आणि मऊ. परदेशात जुन्या बंदुकांसाठी तो वापरतात. महाग असतो. आणि कोठीची लांबी, दाब, नळीची तपासणी या अटी त्यालाही लागू आहेतच.

प्रश्न : आमच्या बंदुकीवरचे शिक्के झिजलेत, वाचताच येत नाहीत. काय करावं?

मग तुमच्याकडे त्या बंदुकीविषयी साक्षीदारच उरलेला नाही. अशा वेळी ‘माहीत नाही’ याचा अर्थ ‘चालेल’ असा घ्यायचा नसतो, ‘नाही’ असाच घ्यायचा. परवानाधारक विक्रेत्याकडच्या कारागिराला दाखवा. तो नळी मोजेल, काय ते सांगेल. त्याने नको म्हटलं तर ती बंदूक उडवू नका, शिशाचंही काडतूस घालून नको. परवाना वेळेवर नूतनीकरण करा, बंदूक कुलपात ठेवा. ठेवायची नसेल तर परवानाधारक विक्रेत्यामार्फत रीतसर मोकळे व्हा. कोणीतरी नातू एखाद्या दिवशी ती खाली काढेल. त्याच्यासाठी एका कागदावर लिहून बंदुकीसोबत ठेवा : कोठी किती, चोक किती, कोणतं काडतूस चालतं, कोणतं नाही.